बाधित वाढले म्हणजे साथ वाढली असं नाही

सध्या एक संदेश फिरतो आहे: ‘एचआयव्हीबाधित 4 कोटींवर गेले, आकडा दरवर्षी वाढतोच आहे. औषधं कुचकामी ठरली. शंभरात एक बाधित आहे, जपून राहा. आणि सरकारी आकड्यांवर विसंबू नका, 2007 मध्ये ते रातोरात खाली आणले होते.’

पहिला आकडा खरा आहे. 2024 अखेर जगात सुमारे 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. यात आज हयात असलेले सगळे बाधित येतात, लागण काल झालेली असो की वीस वर्षांपूर्वी. समजा, एका बाईला 2004 मध्ये, ऐन पंचविशीत लागण झाल्याचं कळलं. औषध मिळालं नसतं तर ती बहुधा केव्हाच गेली असती आणि या मोजणीतूनही गळली असती. आज ती पंचेचाळिशीची आहे. रात्री जेवण झालं की एक गोळी घेते, सकाळी कामाला जाते, आणि दरवर्षी या आकड्यात असते. तिचं जगणं औषधाचं अपयश कसं ठरेल?

साथीचा वेग पाहायचा तर नव्या लागणी पाहाव्या लागतात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या वर्षाला 30 लाखांच्या वर होत्या. 2024 मध्ये सुमारे 13 लाख. मृत्यू 2004 च्या सुमारास 20 लाखांच्या घरात होते, ते 6 लाख 30 हजारांवर आले. 13 लाख हेही फारच आहेत, पण मरणारे त्याहून कमी म्हणून एकूण संख्या चढते.

‘शंभरात एक’ हे फुगवलेलं आहे; जगातल्या प्रौढांत प्रमाण त्याहून कमी आहे, आणि तीही नुसती सरासरी. आफ्रिकेतल्या एस्वातिनी या छोट्या देशात प्रौढांमध्ये साधारण चारात एक बाधित आहे, तर कित्येक देशांत हजारात एक-दोन.

‘जपून राहा’ याचा मला खरोखर राग येतो. औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी राहिला, की लैंगिक संबंधातूनही तो जोडीदाराला लागत नाही. एकत्र जेवल्याने तर कधीच लागत नव्हता. सुमारे 92 लाख बाधित अजून उपचाराबाहेर आहेत, आणि अशाच भीतीपायी कितीतरी जण तपासणीलाच जात नाहीत.

राहिलं 2007. भारताचा अंदाज तेव्हा 57 लाखांवरून 25 लाखांच्या आसपास आला, हे खरंच. आधीचा अंदाज मुख्यतः ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांच्या, त्यात गरोदर स्त्रियांच्या, नमुन्यांवरून बांधलेला होता. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन सुमारे एक लाख लोकांचं रक्त तपासलं गेलं, तपासणी केंद्रंही वाढली. नवी पद्धत मागच्या वर्षांनाही लावून ते आकडे पुन्हा काढले गेले. म्हणजे बदलली ती मोजणी; आकडे लपवले गेले नव्हते.