रुमालाखालचा सौदा

परवा उदगीरला एका पतसंस्थेचं नेटवर्क नीट करून दिलं, आणि मॅनेजरसाहेबांनी माझ्यादेखत थँक्यू म्हणलं ते बाकड्यावरच्या मामाला. अजून डोक्यातून जात नाहीये.

तक्रार नेहमीचीच, पिंग लागतंय, म्हणजे हाक मारली की सर्व्हर ओ देतोय, पण रिपोर्ट काढला की जीव जातोय. आधीच्या कुण्या हुशारानं स्विचवर, म्हणजे सगळ्या वायरी जोडायच्या डब्यावर, सर्व्हरचा पोर्ट शंभर-फुलवर (स्पीड शंभर, दोघांनी एकदम बोललं तरी चालतं) ठोकून ठेवलेला, "पक्कं राहतंय" म्हणून, आणि सर्व्हरचं कार्ड ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी बोलून ठरवणारं. म्हणजे कार्ड विचारतंय, स्विच गप्प. अशा वेळी कार्डाला सिग्नलवरून स्पीड कळतो, डुप्लेक्स, म्हणजे एकदम बोलायचं की पाळीपाळीनं, काही कळत नाही, मग ते मुकाट्यानं हाफ, म्हणजे पाळीपाळीचं, धरतं. एक बाजू वाट्टेल तेव्हा बोलणार, दुसरी लाइन मोकळी व्हायची वाट बघणार, बारकी पाकिटं निसटतात, मोठी फाईल आली की नुसत्या टकरा. स्विचवर सीआरसी एरर, म्हणजे पाकीट खराब आल्याच्या नोंदी, धो धो.

हे सांगत होतो तर मामा मधी पडले. हप्ता भरायला आलेले, कूलरसमोरचं बाकडं धरून बसलेले, जन्म सगळा हाळीच्या बैलबाजारात दलाली करण्यात, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्यात गेलेला.

"म्हंजी ह्यानं रुमालाखाली हात घातला अन त्यानं घातलाच न्हाई?"

मी हो म्हणलं. तिथंच फसलो. मामांनी उपरणं काढलं, मॅनेजरचा हात त्याखाली घेतला अन बोटं दाबायला लागले. "हे धा, हे शंभर, हे हजार. दोघांनी बी आपापलं सांगायचं, मंग दोघांला जमंल त्यातला मोठ्ठा आकडा. अन समोरचा हातच दीना तर बोटं काय स्वतःचीच दाबायची का?" मॅनेजरला गुदगुल्या, कॅशियर काउंटर सोडून बघायला, लाइनीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायल्या, अन मी कन्सोल केबल हातात धरून उभा.

राग याचा की बरोबर होतं! इथरनेटच्या १९९५ च्या मानकात हेच आहे, आणि १९९९ च्या मानकापासून तांब्याच्या वायरीवर गिगाबिट, म्हणजे हजारचा स्पीड, पाहिजे तर ही बोलणी करावीच लागते. त्या काळच्या काही जुन्या कार्डांचं एकमेकांशी जमायचं नाही म्हणून पोर्ट ठोकायची सवय पडली, ती कार्डं कधीच भंगारात गेली पण सवय हलायला तयार नाही, आणि निस्तरायला आम्ही.

दोन्ही बाजू ऑटोवर टाकल्या, हजार-फुल आलं, रिपोर्ट भराभर निघाले. "मामा, तुम्ही होते म्हणून कळलं बगा," मॅनेजर. मग माझं बिल बघून, "दोन ओळी टायपायचे एवढे?" शेवटी घासाघीस करून तीनशे कमी केलेच. एरर शोधण्यात गेलेली अख्खी दुपार कुठल्या ओळीत टाकायची हे मात्र कुणी सांगत नाही.

बाहेर गाडीला किक मारतोय तर मामा आडवे. "सौदा म्या जमवून दिला की वो. दलालीचं कसं?"

चहा पाजला. स्पेशल.