रस्ता गाडी चार्ज करेल, पण चार्जिंग स्टेशन बंद करणार नाही

"स्वीडनच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्या धावता धावता आपोआप, फुकट चार्ज होतात. चार्जिंग स्टेशन आणि मोठ्या बॅटऱ्या आता इतिहासजमा!" हा फॉरवर्ड फिरतोच आहे. त्यातलं तंत्र खरं आहे. बाकीचं एकेक करून पाहू.

"स्वीडनच्या रस्त्यांवर." गॉटलंड बेटावर, विस्बी शहर आणि विमानतळ यांच्या दरम्यान, जेमतेम १.६ किलोमीटरच्या पट्ट्यात रस्त्याखाली तांब्याच्या कॉइल (वरच्या गाडीला तारेशिवाय वीज देणारी वेटोळी) पुरल्या होत्या. चाचणी बस आणि ट्रकवर झाली. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये २०२३ साली सुरू झालेला अशाच रस्त्याचा तुकडा तर ४०० मीटरच्या आसपास.

"आपोआप." गाडीच्या पोटाखाली जोडीची कॉइल असेल तरच. शोरूममधून येणाऱ्या गाड्यांना ती नसते. अशी गाडी वर आली की तेवढाच तुकडा चालू होतो. (त्यामुळे 'रस्ता ओलांडताना शॉक बसेल' ही उलट बाजूची भीतीही निराधारच.)

"फुकट." वीज मीटरमधूनच येणार, वर कॉइलमधल्या फटीपायी थोडी वाया जाणार.

"चार्जिंग स्टेशन इतिहासजमा." इथे आकडेमोड करून बघाच. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी कार शंभर किलोमीटरला साधारण १८ युनिट खाते, म्हणजे तिला सतत १८ किलोवॅट लागतात. रस्त्याने २० किलोवॅट दिले तर खर्च भागून बॅटरीत पडतात फक्त दोन. एक किलोमीटरचा पट्टा ३६ सेकंदांत मागे पडतो आणि रस्त्याकडून मिळतं ०.२ युनिट. त्यातलं ०.१८ तोच किलोमीटर कापण्यात जातं आणि हाती उरतं ०.०२ युनिट, म्हणजे पुढच्या शंभरेक मीटरची सोय. एवढ्यासाठी कारवाल्यांचे सगळे हायवे कोण खणणार? गाडी रात्रभर उभी असते तेव्हा साधा चार्जर हे काम आरामात करतो.

"मोठ्या बॅटऱ्या नकोत." हे मात्र बसच्या बाबतीत पटण्यासारखं आहे. मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले. त्यामुळे कॉइल मोजक्याच ठिकाणी पुरल्या तरी चालतं. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २०१३ साली काइस्ट संस्थेने अशा बस उतरवल्या. मार्गाच्या ५ ते १५ टक्के भागातच कॉइल पुरेशा होतात आणि बॅटरी लहान ठेवता येते, असा त्यांचा हिशेब होता. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कारऐवजी बस म्हटलं असतं तर निम्मा वाद मिटला असता.

आणि स्वीडनचं म्हणाल तर ई-२० महामार्गावर सुमारे २१ किलोमीटरचा कायमस्वरूपी विद्युत रस्ता करायचं तिथे ठरलं होतं. निविदा बजेटबाहेर गेल्या आणि २०२३ साली ती खरेदी प्रक्रिया रद्द झाली.