फाशी नंतर बघू, आधी एफआयआर घ्या

सोसायटीच्या ग्रुपवर आज परत तेच, 'बलात्काऱ्याला भर चौकात फाशी द्या', आणि खाली अंगठेच अंगठे. डोकं फिरलं.

अरे, फाशीपर्यंत पोचतंय कोण? मागे आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीसोबत मी अत्याचाराची तक्रार द्यायला पोलीस स्टेशनला गेले होते. आधी म्हणे हद्द आमची नाही. मी म्हटलं झीरो एफआयआर घ्या, म्हणजे हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवा, तर ठाणे अंमलदाराने असं बघितलं जसा गुन्हा मीच केलाय. मग साहेब बंदोबस्ताला गेलेत. मग मावशींना बाजूला घेऊन, "पोरीचं लग्न व्हायचंय ना अजून?" पोरगी बाकावर बसून ओढणीची पिन नुसती काढत होती, लावत होती.

अशी तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे, 2013 पासून! कोणी आत गेलेला बघितलाय?

बदलापूरला 2024 मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या एवढ्याशा पोरींच्या आईबापांना तासन्‌तास ताटकळत ठेवलं, लोक रुळांवर उतरले तेव्हा कुठे सगळे हलले. निलंबन झालं काहींचं, ठीक आहे. पण महिन्याभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि आपण पेढे वाटले, म्हणजे त्याच्यावरचा खटलाच संपला, आता कोर्टात काय सिद्ध होणार होतं ते कधीच कळणार नाही, आणि याला न्याय म्हणायचं?

1972 ला गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आरोपी दोन पोलीस. अंगावर जखमा नाहीत वगैरे म्हणत सुप्रीम कोर्टाने 1978 ला दोन्ही पोलिसांना सोडलं. बायका रस्त्यावर आल्या तेव्हा 1983 ला कायदा बदलला. टेबलापलीकडचा प्रश्न मात्र अजून तोच, लग्न व्हायचंय ना.

खोट्या केसेस होतात म्हणाल, होत असतील. पोलिसांवर ताण असतो, हेही मान्य. आम्ही ठाण्यात बसलो होतो त्या रात्री एक लेडी कॉन्स्टेबल ड्युटीवर आली, तिने पोरीला आत नेलं, चहा दिला, जबाब घेतला आणि शब्द न्‌ शब्द परत वाचून दाखवला. "हे असं म्हणायचं नव्हतं" म्हटल्यावर न चिडता बदललाही. ती नसती तर आम्ही तशाच घरी आलो असतो.

आता कोर्ट. आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवा असं कायद्यात लिहिलंय. आमच्या केसमध्ये कधी आरोपीचा वकील आजारी, कधी जजची बदली, आणि व्हरांड्यात एकाच बाकड्यावर एका टोकाला त्याच्या घरचे, दुसऱ्या टोकाला ही पोरगी. साक्ष अजून झालेली नाही. मावशी परवा म्हणाल्या, "ताई, मिटवून टाकू का?"

मंगळवारी तारीख आहे. मला ऑफिसातून सुट्टी मिळत नाहीये. साडेदहा ते पाच कोर्टात पोरीच्या शेजारी बसायला कोणाला जमेल? इनबॉक्समध्ये सांगा.