दोन मॉड्यूलचा पाहुणा

डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड काय करतो याचं लेखी वर्णन, कोडशेजारीच असावं, यावर आमच्या टीममध्ये विलक्षण एकमत आहे. इतकं एकमत असलं की समजावं, ते कोणीच लिहीत नाही.

तत्त्व उत्तमच आहे. ज्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या ज्या नोंदीत, फंक्शन बदललं त्याच कमिटमध्ये त्याचं वर्णनही बदलावं, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही शेजारीशेजारी दिसावीत. जुन्या आवृत्तीचा कोड उघडला की माहितीही त्याच आवृत्तीची मिळते. कोडपासून वेगळ्या राहणाऱ्या विकीला हे जमत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी तर १९८४ सालीच 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' मांडताना म्हटलं होतं की प्रोग्रॅमकडे साहित्यकृती म्हणून पाहावं. आमच्याकडे हे झालं आहे. आमचे रीडमी, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइली, हे कल्पित वाङ्मय आहे.

एकच प्रोग्रॅम होता तोवर हे खपून गेलं. मग त्याचे वेगवेगळे भाग, म्हणजे मॉड्यूल, झाले आणि प्रत्येकाला आपापला रीडमी मिळाला. एके दिवशी मला साधी गोष्ट हवी होती: ऑर्डर रद्द झाली की पैसे परत कसे जातात? ऑर्डरचा रीडमी म्हणाला, 'पेमेंटचा रीडमी पाहा.' पेमेंटचा म्हणाला, 'रद्द करण्याची प्रक्रिया ऑर्डर मॉड्यूलच्या अखत्यारीत येते.' सगळ्यांच्या वरचा मुख्य रीडमी म्हणाला, 'तपशिलासाठी संबंधित मॉड्यूल पाहा.' दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच. एका मॉड्यूलच्या पोटातलं सगळं कुठे लिहायचं ते कळतं. दोघांच्या मधलं जे असतं, आणि घोळ नेमका तिथेच असतो, त्याला फोल्डरच नाही.

यंत्रं मदत करतात, नाही असं नाही. रस्ट या भाषेत डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं टेस्ट म्हणून चालवता येतात, पायथनमध्ये त्यासाठी डॉकटेस्ट आहे. उदाहरण खोटं बोललं की पकडलं जातं. पण उदाहरणाच्या वर 'हे फंक्शन कधीही एरर देत नाही' असं लिहिलेलं असतं, ते कोणी चालवून बघत नाही. लिंक तपासणारी स्क्रिप्टही पान आहे की नाही एवढंच बघते. पानावर 'लवकरच लिहू' असलं तरी तिचं समाधान होतं.

शेवटी मीटिंग झाली. एकाने सुचवलं, कॉमन मॉड्यूलमध्ये टाकू. कॉमनमध्ये आमच्याकडे ज्याला कोणी विचारत नाही ते सगळं जातं, आणि तिथून काही परत आल्याचं ऐकिवात नाही. मग ठरलं की रेपोच्या, म्हणजे सगळा कोड असतो त्या साठ्याच्या, मुळाशी डॉक्स फोल्डर करायचा, त्यात मॉड्यूलांचे आपापसातले व्यवहार लिहायचे, आणि दोन्ही रीडमींनी तिकडे लिंक द्यायची. माझ्या मते हाच बरोबर निर्णय होता. राहिला प्रश्न मालकाचा. कुठल्या भागाचा मालक कोण हे सांगणाऱ्या कोडओनर्स फाइलमध्ये 'सर्व टीम' लिहिलं असतं तर मालक कोणीच झालं नसतं, म्हणून एक नाव घालायचं ठरलं. जो त्या दिवशी रजेवर होता त्याचं घातलं.

तो परतला. नवं मालकपद मनावर घेऊन त्याने पहिल्याच कमिटमध्ये सगळी पानं उचलून पेमेंट मॉड्यूलमध्ये नेली. कमिटचा संदेश: 'किरकोळ साफसफाई'. दोन्ही रीडमींमधल्या लिंका तुटल्या, बिल्ड लाल झाला, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासणीत नापास झाला, आणि संध्याकाळी रिलीज होता म्हणून कोणीतरी लिंक तपासणारी स्क्रिप्टच बंद करून टाकली.