कणसं न उकळता गोठवायची? चार वाक्यांतल्या चार चुका

हिवाळ्यासाठी मका साठवायची एक 'सोपी युक्ती' सध्या सगळीकडे फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: 'दाणे काढा, पिशवीत भरा, थेट फ्रीजरमध्ये ठेवा, आधी उकळू नका. उकळल्याने जीवनसत्त्वं जातात. गोठवलं की जंतू मरतात. दाणे वर्षभर होते तसेच राहतात.' मला ही चारही वाक्यं खटकतात, कारण त्यांवर विश्वास ठेवून लोक हौसेने कणसं सोलतात आणि ऐन थंडीत ती पिशवी टाकून द्यावी लागते.

'आधी उकळू नका.' सगळ्यात मोठं नुकसान या सल्ल्याने होतं. कणीस तोडलं तरी दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, कामाला लागलेलीच असतात. त्यांतलं लिपॉक्सिजनेज हे दाण्याच्या अंकुरात भरपूर असतं आणि तिथल्याच तेलावर काम करून शिळकट वास आणतं. फ्रीजरच्या थंडीत हे काम मंदावतं, बंद पडत नाही. पहिले काही आठवडे फरक जाणवतच नाही. म्हणून 'आम्ही करून पाहिलं, छान झालं' म्हणणारे खोटं बोलत नाहीत, ते फक्त फार लवकर बोलतात. दोन-तीन आठवड्यांत संपवायचा मका न उकळता ठेवला तर माझी हरकत नाही. पण प्रश्न हिवाळ्याचा आहे.

विकरं थांबतात ती उष्णतेने. दाणे हवे असतील तर अख्खी कणसं उकळत्या पाण्यात 4 मिनिटं ठेवायची, गार करायची आणि मगच दाणे काढायचे. आधी काढले तर त्यांतला गोड रस पाण्यात उतरतो. सुरी दाण्याच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंतच चालवा. त्याहून खोल गेली की दांड्याचा चोथा सोबत येतो. पाणी भरपूर घ्या, कणसं टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी फुटली पाहिजे. वेळ मोजायची ती या दुसऱ्या उकळीपासून.

कणसं अख्खीच गोठवायची असतील तर हीच 4 मिनिटं पुरत नाहीत. लहान कणसाला 7, मध्यमाला 9 आणि मोठ्याला 11 मिनिटं लागतात, कारण उष्णता दांड्याच्या गाभ्यापर्यंत जायला हवी. ती पोचली नाही तर दांड्याची चव दाण्यांत उतरते. घाई करणारे नेमके इथे चुकतात.

उकळण्याइतकंच महत्त्व गार करण्याला आहे. बाहेर काढलेलं कणीस आतल्या उष्णतेने शिजतच राहतं. म्हणून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायचं, आणि जितका वेळ उकळलं तितकाच वेळ तिथे ठेवायचं. नंतर नीट निथळून कोरडं करा, नाहीतर पिशवीत दाण्यांऐवजी बर्फाचा गोळा सापडेल.

'जीवनसत्त्वं जातात.' थोडी जातात, हे खरं. पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व कमी होतं. पण 100 ग्रॅम ताज्या गोड मक्यात ते मुळात 7 मिलिग्रॅमच्या आसपासच असतं. मका आपण त्यासाठी खात नाही. तंतू आणि पिवळेपणा देणारी ल्युटीन, झिॲझँथिन ही द्रव्यं बहुतांशी टिकतात.

'जंतू मरतात.' हे वाक्य धोकादायक आहे. थंडीत बहुतेक जंतूंची वाढ थांबते, ते मरतातच असं नाही. 2018 साली युरोपात पाच देशांतल्या लिस्टेरिया या जंतूच्या साथीचं मूळ गोठवलेल्या मक्यात सापडलं. 47 जणांना लागण झाली होती, त्यांतले नऊ दगावले. म्हणून फ्रीजरमधला मका, तो घरी साठवलेला असो वा विकतचा, पूर्ण शिजवूनच खा. सॅलडमध्ये तसाच टाकू नका.

'वर्षभर होते तसेच.' नीट उकळलेला, हवा काढून बंद केलेला मका उणे 18 अंशांवर आठ ते बारा महिने चवीला चांगला राहतो. पण 'होते तसेच' म्हणजे कसे, हे गोठवण्याआधीच ठरलेलं असतं. साध्या गोड मक्याची साखर तोडल्यापासून पिठूळ व्हायला लागते. 30 अंशांत एका दिवसात सुमारे 60 टक्के साखर जाऊ शकते, शून्य अंशावर साधारण 6 टक्के. ओट्यावर दोन दिवस पडलेल्या कणसाचा गेलेला गोडवा कोणताही फ्रीजर परत आणत नाही. तोडल्या दिवशीच कामाला बसा. ते जमलं नाही तर कणसं पानांसकट फ्रिजमध्ये ठेवा.

आणि शिजवताना दाणे गोठलेलेच उकळत्या पाण्यात टाका. अख्खं कणीस मात्र आधी थोडं सैल होऊ द्या, नाहीतर दाणे शिजून जातात आणि दांडा आत गारच राहतो.