माकडतापाचे नमुने पुण्याला जायलाच हवेत

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात सध्या एक मजकूर एका मोबाईलवरून दुसऱ्यावर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शिबिरांत आणि दवाखान्यांत घेतलेलं आपलं रक्त पुण्या-मुंबईच्या संस्थांकडे जातं, तिथून परदेशी कंपन्यांना विकलं जातं, आपली नावं-गावं बाहेर फुटतात आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या रुग्णालयांनी एकही नमुना जिल्ह्याबाहेर पाठवू नये. मजकूर कळवळ्याने लिहिलेला वाटतो, म्हणून चांगली शिकलेली माणसंही तो पुढे ढकलतात. पण त्याप्रमाणे वागलो तर जीव आपल्याच माणसांचे जातील.

आधी ‘आपल्या हाती काहीच लागत नाही’ हे घेऊ, कारण सगळ्यात खोटं तेच आहे.

२०१६ साली सिंधुदुर्गात माकडतापाची, म्हणजे गोचिड चावल्याने माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाची, साथ आली. रानात मेलेली माकडं सापडत होती, काजूच्या बागेत जाणारी माणसं तापाने फणफणत होती. हा आजार मुळात कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्याचा, क्यासनूरच्या जंगलातला. त्याचा विषाणू १९५७ साली पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने वेगळा केला. तेच केंद्र आज आपण एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणून ओळखतो. तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणू पकडणारी पीसीआर तपासणी आणि नंतरच्या दिवसांत रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी एलायझा, या दोन्ही तपासण्या तिथेच तयार झाल्या. कशाच्या जोरावर? कर्नाटकातल्या शेतकऱ्यांच्या, गुराख्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर. त्यांनीही ‘आमचं रक्त राज्याबाहेर जाणार नाही’ असं ठरवलं असतं, तर २०१६ मध्ये आपल्याकडच्या तापाला नाव द्यायलाही तपासणी नसती. आपल्याला मिळालं ते त्यांच्या देण्यातून मिळालं, आणि हे मजकूर लिहिणाऱ्याने लक्षात घ्यायला हवं होतं.

पुढचं सांगतो. कर्नाटकात वर्षानुवर्षं दिली गेलेली जुनी लस पुरेशी प्रभावी नाही म्हणून थांबवण्यात आली. नव्या लसीवर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी काम करत आहेत. ती लस दोडामार्गाच्या जंगलातल्या विषाणूवर चालेल की नाही, हे दोडामार्गाचा विषाणू हातात आल्याशिवाय कोण सांगणार?

‘मग आपल्या जिल्ह्यातच संशोधन करा’ हा दुसरा मुद्दा. तपासणी जिल्ह्यात व्हावी, निकाल त्याच दिवशी हातात मिळावा, ही मागणी रास्तच आहे आणि मीही ती करतो. पण जिवंत विषाणू वाढवून त्याचा अभ्यास करायचा तर अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वोच्च सुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा २०१२ साली पुण्यात पाषाणला सुरू झाली, ती असल्याच विषाणूंसाठी. तशी प्रयोगशाळा दर जिल्ह्यात बांधणं शक्य नाही, आणि गरजही नाही. शिवाय उणे ८० अंशांचा फ्रीजर चोवीस तास चालता ठेवावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ टिकते, हे मी कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आणि जिल्ह्याची हद्द गोचिडाला कळत नाही. हाच आजार गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही आहे. बांद्याचा रुग्ण अत्यवस्थ झाला की त्याला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेतात. म्हणजे त्याचा केसपेपर गोव्यात, शेजाऱ्याचा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि दोघांचे नमुने पुण्यात. हे तिन्ही एकत्र बसवून पाहिल्याशिवाय आजार कुठून कुठे सरकतोय ते दिसत नाही.

देवाणघेवाणीतून कोकणाला काय मिळतं, याचा पुरावा महाडमध्येही आहे. विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य प्राण वाचवले. पण ते तिथे थांबले नाहीत. मुंबईच्या हाफकिनची प्रतिविष लस प्राझोसिनच्या जोडीने देऊन त्यांनी महाडमध्ये रीतसर चाचणी केली. २०११ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. लस मुंबईची, रुग्ण महाडचे, आणि उपयोग विंचू चावलेल्या प्रत्येकाला.

आता विक्रीचा आरोप. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे की नमुना आणि त्याची माहिती देणाऱ्याच्या मालकीची असते, संस्था फक्त सांभाळणारी. एका संस्थेतून दुसरीकडे नमुना जाताना लेखी करार लागतो. परदेशी संस्थेसोबतच्या संशोधनाला सरकारी समितीची वेगळी परवानगी लागते. पुढे व्यापारी फायदा झाला तर त्यात देणाऱ्यांचाही विचार व्हावा, असंही त्यांत म्हटलं आहे.

नावं फुटण्याबद्दल मात्र मजकुराची भीती अर्धी खरी आहे. नमुन्यावर नावाऐवजी संकेतांक असतो. पण वाडीत दहा घरं असतील तर वय, धंदा आणि वाडीचं नाव एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या अहवालात तालुक्याच्या खाली जाऊ नये, असा आग्रह आपण धरायलाच हवा.

नमुने अडवून धरण्याचा मार्ग एका देशाने वापरून पाहिला आहे. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. आमच्या नमुन्यांवरून लस बनते आणि ती आम्हालाच परवडत नाही, ही त्यांची तक्रार खरी होती. वाटाघाटी चालल्या आणि २०११ मध्ये करार झाला: देशांनी नमुने द्यायचे, लस कंपन्यांनी लसीचा, औषधांचा किंवा पैशांचा वाटा उचलायचा. तक्रार मिटली ती देवाणघेवाणीचे नियम ठरल्यावर. आपल्यालाही तेच मागायचं आहे. संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेलं असावं. नमुना कुठे जाणार, किती वर्षं ठेवणार, नको वाटलं तर परत कसा घ्यायचा, हे त्यात असावं. अभ्यास संपल्यावर निष्कर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रात मराठीत लावलेले असावेत. आज बऱ्याच वेळा ते होत नाही, आणि लोकांचा राग तिथूनच सुरू होतो. काजूचा हंगाम सुरू होण्याआधीच्या ग्रामसभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवा आणि हे मुद्दे ठरावात लिहून घ्या.