राउंड ऑफ सगळ्यांना सारखंच, मग क्रमांक कसा बदलतो?

निकालाच्या दिवसांत एक मेसेज हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: 'राउंड ऑफवरून भांडू नका. नियम सगळ्यांना एकच, त्यामुळे क्रमांक बदलत नाहीत. अर्धा गुण वरच जातो, कुणाचं नुकसान नाही. हिशेब कॉम्प्युटर करतो, तो चुकत नाही. तरीही शंका असेल तर तीन दशांश स्थळांपर्यंत टक्केवारी काढा, खरा पहिला कोण ते कळेल.' यातलं 'भांडू नका' एवढं मला मान्य आहे.

'नियम एकच, म्हणून क्रमांक बदलत नाहीत' हे एका अटीवर खरं आहे. सगळे गुण अपूर्णांकासकट मिळवून अगदी शेवटी, एकदाच राउंड केलं, तर मागचा पुढे जात नाही. फार तर दोघे बरोबरीत येतात. पण पुष्कळदा आधी प्रत्येक परीक्षेचे गुण राउंड होतात आणि मग बेरीज होते. इथेच घोळ होतो.

समजा, ८० गुणांच्या चार परीक्षा आहेत आणि प्रत्येकीचे गुण २० पैकी करून घ्यायचे आहेत. एका मुलीला चारही वेळा ७३ पडले. प्रत्येकी १८.२५, राउंड करून १८, बेरीज ७२. दुसरीला ७४, ७०, ७८ आणि ६६. त्याचे झाले १८.५, १७.५, १९.५ आणि १६.५, राउंड करून १९, १८, २०, १७, बेरीज ७४. आता मूळ गुण मोजा. पहिलीचे २९२, दुसरीचे २८८. चार गुणांनी पुढे असलेली मुलगी निकालात दोन गुणांनी मागे पडली. नियम दोघींना तंतोतंत सारखाच लागला, लबाडी कुणीही केली नाही; म्हणून तर तक्रार कुठे करावी तेही कळत नाही.

दोनदा राउंड करण्याचा प्रकारही यातलाच. ७९.४५ चे आधी ७९.५ करायचे आणि मग ८०. सरळ एकदाच केले असते तर ७९ झाले असते.

'अर्धा गुण वरच जातो' हे ऐकायला छान वाटतं. पण ५० गुणांची उत्तरपत्रिका २५ वर आणली, की अर्धा गुण फक्त विषम गुण पडलेल्यांनाच मिळतो. ३६ चे १८ होतात, ३७ चे १९ आणि ३८ चेही १९. म्हणजे ३७ वाल्याला अर्ध्या गुणाची भेट, ३८ वाल्याला काहीच नाही, आणि दोघे बरोबरीत. नुसतं पास व्हायचं असेल तर या उदारपणाने कुणाचं बिघडत नाही. क्रमांक लावायचे असतील तर एकाला दिलेला अर्धा गुण दुसऱ्याकडून काढून घेतल्यासारखाच आहे. .५ असेल तेव्हा जवळच्या सम संख्येकडे जायचं, अशीही एक पद्धत आहे. तिच्यात ३७ चे १८ होतात आणि ३९ चे २०. वर्गाची सरासरी फुगत नाही. मात्र एकेका मुलाच्या बाबतीत तीही तितकीच आंधळी आहे.

कॉम्प्युटर चुकत नाही, पण सांगितलं तेवढंच करतो. स्प्रेडशीटमध्ये दशांश दिसेनासे केले की ७९.६ चे ८० दिसतात. आत मात्र ७९.६ च असतात. मग '८० किंवा त्याहून जास्त असतील तर वरची श्रेणी' या सूत्रात तो मुलगा बसत नाही, आणि पालक गुणपत्रकातल्या ८० वर बोट ठेवून विचारतात. शिवाय २.५ चे एक्सेलचं राउंड ३ करतं, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचं २. शाळेबाहेरचं एक उदाहरण: कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला होता. प्रत्येक व्यवहारागणिक तिसऱ्या दशांशापुढचं छाटून टाकलं जायचं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ वर घसरला. नीट हिशेब केल्यावर १०९८ निघाला. कॉम्प्युटरने एकही आज्ञा मोडली नव्हती.

राहिली तीन दशांश स्थळं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. एकच निबंध दोन तपासनिसांकडे दिला तर एक-दोन गुणांचा फरक सहज पडतो. त्याच तपासनिसाकडे महिन्याने दिला तरी पडू शकतो. अशा गुणांच्या टक्केवारीत ९१.३३३ हा ९१.१६७ च्या पुढे आहे, यावरून कुणाला जास्त येतं हे ठरत नाही. खोलीची लांबी पावलांनी मोजायची आणि उत्तर मिलिमीटरमध्ये द्यायचं, तशातला प्रकार आहे हा.

अशा दोघांना सरळ संयुक्त पहिला क्रमांक द्यावा. त्यानंतरच्याला दुसरा म्हणायचं की तिसरा? दोन्ही पद्धती रूढ आहेत. तिसरा म्हटलं तर त्याच्या पुढे किती जण आहेत ते कळतं, म्हणून मला ती बरी वाटते, दुसरीही चालेल. फक्त हे आणि राउंड कधी करायचं ते निकाल हातात येण्याआधी लिहून ठेवलेलं हवं. नावं समोर दिसायला लागल्यावर सुचलेल्या नियमावर पालकांचा विश्वास बसणं अवघड.